आधी ओढा बघ, मग ओटा

नागापूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि आता पाथर्डी सोडून तू आणि सूनबाई नगरला सावेडीकडे घर बघताय, असं दादाने फोनवर सांगितलं. आनंद झाला. आम्ही इकडे आलो तेव्हा रिक्षावाला प्रेमदान चौकाच्या पुढे यायला कुरकुर करायचा. पुढे सगळी ज्वारीची रानं. आता तीच रानं भिस्तबाग, तपोवन रोडपर्यंत घरांनी भरली आहेत. केडगाव, बोल्हेगाव, सारसनगर, बुरुडगाव रोड, सगळीकडे हीच तऱ्हा. त्यामुळे मी सांगते ते सावेडीपुरतंच धरू नकोस.

मुख्य गोष्ट आधी सांगून टाकते. गावात भावकी असते. जुन्या नगरात, माळीवाड्यात किंवा तोफखान्यात, पिढीजात शेजार असतो. उपनगरात सगळेच कुठून ना कुठून आलेले. शेवगावचा माणूस कर्जतच्या माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहतो आणि गल्लीतलं पाणी कुठे जातं हे दोघांनाही ठाऊक नसतं. इथे घर सुखाचं होणार की डोक्याला ताप, हे घराच्या आत कमी ठरतं आणि बाहेर जास्त. म्हणून फरशी, ओटा आणि छताच्या नक्षीला भुलण्याआधी बाहेर उभा राहा आणि नीट बघ.

घर बघताना

लगेच विकत घेऊ नको. ज्या भागात घ्यायचंय त्याच भागात आधी भाड्याने राहा. एक पावसाळा आणि एक मे महिना तिथे निघाला पाहिजे. पावसाळ्यात पाणी कुठे साचतं ते कळतं आणि मे महिन्यात पाणी कुठे पोचत नाही ते कळतं. बिल्डरच्या माहितीपत्रकात या दोन्ही गोष्टी छापलेल्या नसतात.

लोक घर बघायला रविवारी सकाळी जातात. तू एकदा रात्री आठनंतर जा आणि एकदा पाऊस चालू असताना जा. रस्त्यावर दिवे लागतात का, कुत्र्यांची टोळी कुठे बसते, सूनबाईला कोपऱ्यावरून घरापर्यंत एकटीने चालत यायला धास्ती वाटेल का, हे रात्रीच दिसतं. जवळपास मंगल कार्यालय किंवा लॉन आहे का तेही बघ. असेल तर लग्नसराईत खिडकीच्या काचा डीजेच्या तालावर थरथरणार, हे धरून चाल.

मालकाला आणि एजंटला विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला, इस्त्रीवाल्याला आणि समोरच्या ओसरीत भाजी निवडत बसलेल्या बाईला. तिला ‘राहायला कसं आहे हो?’ असं विचारलंस तर ती ‘बरंय’ म्हणून गप्प बसेल. ‘नळाला मोटर लावावी लागते का?’ असं विचारलंस तर अख्ख्या गल्लीचा इतिहास सांगेल.

आता ओढ्याचं सांगते. नगर पर्जन्यछायेतलं. वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण पडतो तेव्हा दोन तासांत दाणादाण उडवतो. एरवी कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याला लोक ओढा समजतच नाहीत. तो बुजवतात, त्यात नळ्या घालतात, वर प्लॉट पाडतात. मोठा पाऊस आला की पाणी जुन्याच वाटेने येतं आणि त्या वाटेत आता कोणाची तरी झोपायची खोली असते. सावेडी, केडगाव, बोल्हेगाव ही मूळची गावं आहेत, त्यांचे गावनकाशे भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. ओढे, नाले, पाणंदी त्यात दाखवलेल्या असतात. आपला गट नंबर त्यावर शोध आणि ओढा किती लांब आहे ते बोटाने मोज. घराच्या कुंपणभिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर मातकट रेघ दिसली तर नकाशा बघायचीही गरज नाही. सीनेच्या काठाला, कल्याण रोडच्या बाजूला घर बघत असशील तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते विचारल्याशिवाय पुढचं बोलू नको. मोठ्या पावसात तिथे पुलावरून पाणी जातं आणि पलीकडच्या वसाहतींची शहराकडची वाट बंद होते.

पाणी येतं कुठून

नगरला पाणी कायम बाहेरूनच आणावं लागलं. अहमद निजामशहाने १४९० मध्ये शहर वसवलं. निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव, शेंडीकडून खापरी नळांनी पाणी आणलं गेलं. आज ते राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून येतं. धरण २६ टीएमसीचं, त्यामुळे लोकांना वाटतं की पाण्याला काय तोटा! पण धरणातलं पाणी आपल्या पायांनी येत नाही. मुळानगरला पंपाने उचलायचं, विळदला आणायचं, तिथून वसंत टेकडीवर चढवायचं आणि मग भागाभागात सोडायचं. मुळानगरची वीज काही तास गेली की शहरातल्या टाक्या भरत नाहीत आणि ज्यांची पाळी असेल त्यांचं पाणी एक दिवस पुढे ढकललं जातं. धरण काठोकाठ भरलेलं असतानाही हे होतं. म्हणून वर्तमानपत्रात ‘मुळानगर’ आणि ‘वीजपुरवठा खंडित’ हे शब्द शेजारी शेजारी दिसले की त्या दिवशी कपडे धुवायला काढू नका.

टाकीचा हिशेब असा कर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप. चौघांचं घर धरलं तर दिवसाला ५४० लिटर. पाणी एक दिवसाआड येत असेल तर दोन दिवसांचे साधारण ११०० लिटर हाताशी हवेत. एक पाळी चुकली तर चार दिवस काढायचे, म्हणजे २२०० लिटर. त्यामुळे जमिनीखाली दोन हजारांची आणि गच्चीवर हजाराची टाकी असलेलं घर बघ. गच्चीवर नुसती पाचशेची काळी टाकी असेल तर भाडं कमी करून माग, कारण मे महिन्यातल्या टँकरचे पैसे तुझ्याच खिशातून जाणार.

नळाला थेट मोटर लावू नको. शेजारी लावतो म्हणून तर मुळीच नको. एक तर ते बेकायदा आहे. दुसरं म्हणजे मोटरने ओढलं की नळीत जिथे भेग असेल तिथून आजूबाजूचं गटाराचं पाणीही आत खेचलं जातं आणि अख्ख्या गल्लीची पोटं बिघडतात. पाणी आधी जमिनीतल्या टाकीत पडू दे, मोटर तिथून वर चढवायला लाव. सुरुवातीची मिनिटं पाणी गढूळ आलं तर ते झाडांना घाल.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार तू ऐकून असशील. पोपटराव पवारांच्या गावात दरवर्षी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात. शेतीसाठी बोअर पाडायला तिथे बंदी आहे. ज्या तालुक्यात एक गाव असं चालतं, तिथे चार माणसांच्या घराला टाकीत डोकावून आजचा वापर ठरवता येऊ नये, असं काही नाही. सूनबाईला सांग, सकाळी चहा ठेवण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघायचं. आणि आठवड्यातून एक दिवस पिंप, बादल्या, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या पार कोरड्या करायच्या. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंतचं सगळं आठ-दहा दिवसांत होतं, म्हणून कोरडा दिवस आठवड्याला एक हवाच.

पाणी जातं कुठे

पाणी कुठून येतं हे सगळे विचारतात. जातं कुठे, हे कोणी विचारत नाही. कागदावर ड्रेनेजची सोय लिहिलेली असली तरी ढापा उघडून बघ. शौचालयाची सेप्टिक टाकी असेल तर ती कुठे आहे, तिच्यापर्यंत उपसायची गाडी पोचते का, आणि बोअर तिच्यापासून किती लांब आहे, हे तिन्ही विचार. शोषखड्डा आणि बोअर यांच्यात निदान पन्नास फूट अंतर हवं. छोट्या प्लॉटवर तुझी बोअर आणि शेजाऱ्याची सेप्टिक टाकी एकमेकींना चिकटलेल्या निघतात, कारण दोघांनीही फक्त आपापल्या कुंपणाच्या आतच बघितलेलं असतं. अशा बोअरचं पाणी फरशीला आणि संडासाला वापर. पोटात घेऊ नको.

स्वतःचं घर झालं की गच्चीचं पाणी रस्त्यावर सोडू नको. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षात ५०० मिलिमीटर पाऊस पडला तरी तो ४६ हजार लिटर होतो. थोडं वाया गेलं असं धरलं तरी उरलेलं बोअरशेजारच्या खड्ड्यात जिरव. उन्हाळ्यात बोअर आटायला उशीर लागतो आणि गल्लीत चिखल होत नाही.

कागद

विकत घेताना सातबारा, फेरफार, बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन हे चार कागद समोर ठेवल्याशिवाय इसार देऊ नको. रेखांकनाची झेरॉक्स हातात घेऊन जागेवर जा. कागदावर तीस फुटांचा रस्ता आहे आणि जागेवर अठरा फुटांचाच, असं बऱ्याच ठिकाणी आढळतं. कागदावर जी मोकळी जागा बागेसाठी सोडलेली आहे तिथे आज काय उभं आहे तेही बघ. मग महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घे. आपल्या प्लॉटवर रस्त्याचं, शाळेचं किंवा क्रीडांगणाचं आरक्षण नाही ना, हे त्यातून कळतं. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढ. पैसे जातात, पण झोप लागते.

‘गुंठेवारीचं आहे, पुढे नियमित होईल’ असं सांगणारे भेटतील. त्यांना म्हणावं, नियमित झाल्याचा कागद दाखवा, मग बोलू. नोटरीच्या शिक्क्यावर प्लॉट विकणाऱ्याकडे तर चहाही पिऊ नको.

जुनं घर घेत असशील तर आधीच्या मालकाची घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल थकलेलं नाही ना, ते खरेदीच्या आधी बघ. थकलेल्या घरपट्टीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते आणि ती घराबरोबर तुझ्या गळ्यात येते. खरेदी झाली की तिन्ही ठिकाणी आपलं नाव लावून घे. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, त्यामुळे तुझ्याकडे काही कागद जुन्या नावाचे असतील आणि काही नव्या. जुना कागद त्यामुळे बाद होत नाही. घाबरवून पैसे काढणाऱ्या दलालाच्या नादी लागू नको.

बाजार आणि साठवण

रोजची भाजी पाईपलाईन रोडला, भिस्तबाग चौकात मिळते. संध्याकाळी आसपासच्या गावांतून शेतकरी बायका पाटी घेऊन येतात, त्यांच्याकडून घे. पैशांवरून फार घासाघीस करू नको. महिन्याचा किराणा मात्र जुन्या गावात जाऊन दाळमंडई आणि आडतेबाजारातून आण. शेजारच्या दोन घरांनी मिळून माल घेतला तर रिक्षाभाडंही वाटून जातं.

वर्षाची साठवण सूनबाईला शिकव, नाहीतर मी शिकवीन. नवी मालदांडी ज्वारी होळी-पाडव्याच्या सुमारास घ्यायची, गहू एप्रिलमध्ये. दोन्ही कडक उन्हात वाळवायचे, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरायचे, गव्हाला एरंडेलाचा हात लावायचा. कांदा साठवायचा तो उन्हाळ्यातला गावरान. खरिपाचा लाल कांदा रंगाला चांगला पण टिकत नाही, तो आणायचा आणि खायचा. श्रीगोंद्याचं लिंबू उन्हाळ्यात महाग होतं, म्हणून लोणचं स्वस्ताईत घालून ठेवायचं. पारनेरचा वाटाणा, राहात्याचा पेरू, अकोले तालुक्यातला तांदूळ ज्या त्या हंगामात घ्यायचा. या जिल्ह्यात राहून पाकिटातला वाटाणा आणू नका.

पापड, कुरडया घालायला गच्ची हवी. घर बघताना गच्चीची किल्ली कोणाकडे असते ते विचारून ठेव. उपनगरातली निम्मी भांडणं गच्चीवरून होतात आणि उरलेली गाडी लावण्यावरून.

रस्ता

नगरला एसटीचे तीन स्टँड आहेत. माळीवाडा मोठा, स्वस्तिक चौकाजवळचा पुणे स्टँड आणि तारकपूर. सावेडीला तारकपूर जवळ पडतो. कोणती गाडी कुठे थांबते ते आधी विचारून बस, नाहीतर रात्रीच्या रिक्षाला एसटीच्या तिकिटाएवढे पैसे जातील.

गाळपाच्या हंगामात, दिवाळीनंतर, मनमाड रोडवर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. प्रवरानगरला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात उभा राहिला, त्या जिल्ह्यात राहायचं तर ट्रॉलीची सवय हवीच. रात्री ट्रॉलीला मागे दिवा नसतो. पुढे अंधार दिसला म्हणजे रस्ता मोकळा आहे असं धरू नको. शिफ्ट सुटल्यावर डोळ्यांवर झोप असते, तेव्हा मोटारसायकलपेक्षा कंपनीची बस बरी.

संक्रांतीच्या आधीचा महिना नगरला पतंगांचा. नायलॉनच्या मांज्यावर बंदी आहे, तरी तो येतोच आणि दुचाकीवाल्याचा गळा चिरतो. डिसेंबर-जानेवारीत गळ्याला जाड मफलर गुंडाळल्याशिवाय गाडीवर बसायचं नाही आणि लेकराला पुढे टाकीवर बसवायचं नाही. थंडी नसली तरी मफलर हवा.

मोहरमच्या मिरवणुकीला, माळीवाड्याच्या विशाल गणपतीच्या विसर्जनाला जुन्या गावात जायचं ते पायी, बघायला म्हणून. त्या दिवशी तिकडे गाडी घालून दुसरं काम काढू नको. नवरात्रात केडगावच्या देवीच्या वाटेवरही तेच.

शेजार आणि महापालिका

राहायला गेलास की पहिल्या आठवड्यात डावीकडच्या, उजवीकडच्या आणि समोरच्या घरात सूनबाईला घेऊन जा. हातात काहीतरी असू दे, बाजरीच्या खारोड्या चालतील. वाहनं कुठे लावायची ते त्याच भेटीत हसतखेळत ठरवून टाक. महिन्याभराने तोच विषय काढलास तर भांडण होतं.

रस्ता, दिवा, गटार, घंटागाडी यांची तक्रार एकट्याने फोनवर करून भागत नाही. नगरची महापालिका २००३ मध्ये झाली, पण नगरपालिकेच्या काळापासून एक नियम बदललेला नाही. अर्ज लेखी द्यायचा, खाली गल्लीतल्या दहा घरांच्या सह्या घ्यायच्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घालून पोच घ्यायची. पंधरा दिवसांनी तीच पोच घेऊन पुन्हा जायचं. नगरसेवकाच्या घरी जायचं तर पोच घेऊनच जायचं. आमच्या गल्लीतला दिवा असाच लागला. त्यासाठी कोणाशी भांडावं लागलं नाही. पोच मात्र जपून ठेवावी लागली.

ओला-सुका कचरा वेगळा ठेव आणि घंटागाडी चुकली तर कोपऱ्यावर पिशवी टाकू नको. एकाने टाकली की संध्याकाळपर्यंत तिथे उकिरडा होतो, मग कुत्री येतात, मग मोटारसायकलच्या मागे लागतात.

पाहुणे

आपला जिल्हा महाराष्ट्रात क्षेत्रफळाने सगळ्यांत मोठा, १७ हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, कोर्ट, सिव्हिल हॉस्पिटल, भरतीची परीक्षा, सगळं नगरला. म्हणजे तुझं घर झालं की अर्धी भावकी मुक्कामाला येणार. याचा त्रास मानून घेऊ नको. दोन जादा अंथरुणं, एक जादा पिंप आणि दवाखान्यात नेण्यासारखा डबा कायम तयार ठेव. पण येणाऱ्याला पहिल्याच फोनवर सांग, ‘आज पाण्याचा दिवस नाही, बेताने घ्या.’ हे बोलायला सूनबाईला लावू नको. तुझी माणसं आहेत, तूच सांग. नाहीतर वाईटपणा तिच्या वाट्याला जातो आणि गावाला कळतं की सून शहरात जाऊन बदलली.

आता एवढं कर. पावसाळ्याच्या आधी भाड्याचं घर धर आणि वर्षभर डोळे उघडे ठेवून राहा. विकत घ्यायचं ठरलं की इसार देण्याआधी कागदांची फाईल घेऊन माझ्याकडे ये, आपण दोघं ओळखीच्या वकिलाकडे जाऊ. इसार दिल्यावर आलास तर चहा मिळेल, सल्ला मिळणार नाही.